कडता

तीस वर्षं मार्केट यार्डात काट्यापाशी उभा आहे.
पोतं आलं की हात आत जातो,
हळकुंड मोडून कानाशी धरतो.
खणकन मोडलं तर सुकं.
दबकं मोडलं तर ओल आहे,
ओल आहे तर कडता.
शेतकरीही मान हलवतो, व्यापारीही.

घराला कडता किती लावायचा
हे कुणी शिकवलं नाही.

पद्मलनं वहीचं पान उभं दुमडलंय,
डावीकडं घर, उजवीकडं खोड.
डावी बाजू एका ओळीत संपते.

गावभागातलं घर पाहिलं.
मंडई जवळ, गणपती जवळ, दवाखाना जवळ,
नदी तर फारच जवळ.
भिंतीला छातीपर्यंत नवा रंग, वर जुना.
हौस हो, म्हणाला एजंट बुबनाळे.
मी कोपऱ्यात नख लावलं.
नखात गाळ आला, मऊ, चहाच्या रंगाचा.
किती फुटाला येतं?
सांगलीत खोल्या किती हे नंतर विचारतात.
आयर्विनला त्रेचाळीस झाले की अंगणात, शेजारीण म्हणाली,
सेहेचाळीसला गॅसच्या ओट्यावर.
बुबनाळेनं तिच्याकडं असं बघितलं
की ती कपडे वाळत घालायला लागली,
वाळलेलेच.

कुपवाडला पूर कधीच नाही.
हे बुबनाळे छाती काढून सांगतो,
जसं काही कृष्णा त्यानंच अडवलीय.
पद्मलनं बोअरचं पाणी तोंडात घेतलं, बाहेर टाकलं.
ह्यात डाळ शिजायची नाही.
यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.
रात्री मी एकटाच परत गेलो, सायकलवर.
पलीकडच्या फाउंड्रीत घण पडत होता
आणि बेडरूमच्या खिडकीची काच
दातखीळ बसल्यासारखी थरथरत होती.

विश्रामबागला चौथा मजला.
लिफ्ट येत्या दिवाळीत.
कुठल्या, ते विचारायचं राहिलं,
कारण पद्मल तिसऱ्या मजल्यावर गुडघा धरून बसली होती.
वर छताला ओलीचा डाग,
थेट जत तालुक्याच्या आकाराचा.
तिथं टँकर, इथं गळती.
म्हणजे पाणी खालून नको असेल तर वरून घ्या,
मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

हरिपूर रस्त्याला आवटीबाई.
शाळेतून निवृत्त, खडूचा वास अजून पदराला.
बुबनाळे बोलायच्या आत त्यांनी दार उघडं धरलं
आणि चौकट दाखवली.
डाव्या बाजूला पेन्सिलच्या रेघा, पोराची उंची, दर वाढदिवसाला.
उजव्या बाजूला निळ्या ऑइलपेंटच्या, पुराच्या.
पाच साली पोरगं तीन वर्षांचं, पाणी त्याच्या टाळूशी.
एकोणीसला पाणी पाच फूट, पोरगं पाच फूट सात.
एकाच चौकटीवर वाढले दोघं.
आता तो बेंगळुरूला असतो.
डावीकडची रेघ थांबलीय, त्या म्हणाल्या,
उजवीकडचं मला सांगता येत नाही.
लपवून काय करू, पाणीच सांगेल की.
मग माझ्याकडं वळून,
तुम्ही काट्यावरचे ना? तुम्हीच बोला, किती कमी करायचं.

हजार पोत्यांना एका श्वासात कडता सांगणारा मी,
चौकटीवर हात ठेवून उभा राहिलो.
आकडा येईना.

बँकेतल्या मुलीला मात्र पटकन आला.
वय अठ्ठावन्न, काका, एवढंच बसतं.
तिनं माझं हळकुंड मोडून कानाशी धरलं होतं.
बरोबरच होतं तिचं.

रात्री पद्मलनं विचारलं,
आपल्या ह्या भाड्याच्या घराची खोड काय रे?
बावीस वर्षं राहिलोय.
कडी उलटी बसते, मोरीत विंचू निघाला होता,
संडासच्या दाराला आतून दोरी.
पण हे खोड म्हणून लिहायला हात वळेना.
तीही पेन उघडं ठेवून झोपली,
उशीवर शाईचा ठिपका.

सकाळी बुबनाळेचा फोन.
काय ठरलं पाटील? गावभाग दोन लाखानं उतरलाय.
नको म्हटलं.
मग कुपवाड?
नको.
तर मग?

बाईंना विचार, मी म्हणालो,
माळा किती फुटावर आहे,
आणि दोन माणसं, एक शेगडी
त्यावर मावतात का.